माझ्याकडे म्हणजे कुठे

"आई, गेल्या वर्षी तू पाण्यात पडलीस, की उडी मारलीस?"

प्रश्न तोंडातून बाहेर पडला आणि तिला आधी स्वतःचंच कौतुक वाटलं. आवाज कापला नाही, शब्द अडखळला नाही, मैत्रिणींनी शाळेच्या जिन्यात जसा पाठ करून घेतला होता तसाच्या तसा तो टेबलावर जाऊन पडला. टेबलावर आधीच तीन रंगीत पुस्तिका उघड्या पडल्या होत्या. होड्या भाड्यानं देणाऱ्या बाईंनी पाठवलेल्या त्या पुस्तिकांमध्ये तीन वेगवेगळ्या किनाऱ्यांचे तीन वेगवेगळे निळे रंग होते. पहिला बेटांचा, दुसरा सुळक्यांचा आणि तिसरा खाडीचा. बाबा बेटांच्या पानावर बोट ठेवून होता, आई संत्रं सोलत होती. उत्तर दिलं ते बाबानं. "पडली. त्या बर्फासारख्या पाण्यात आपण होऊन उडी कोण मारतंय?" तो हसला आणि बोट पुढच्या बेटावर सरकवलं.  आईही बोलली, पण ते उत्तर नव्हतं. "तुला काय वाटतं?" असं म्हणून तिनं सोललेलं अर्धं संत्रं पुढे केलं. तसं करताना ती मुलीकडे ज्या नजरेनं पाहत होती, ती नजर घरातली नव्हती. ती कामावरची होती. आई दंतवैद्यांसाठी कवळ्या आणि दातांच्या टोप्या बनवायची, आणि एखादा दात बरोबर बसेल की नाही हे बघताना ती असंच एक डोळा बारीक करून, श्वास धरून बघायची. "मला काय वाटायचंय," मुलगी म्हणाली, "पडलीस तू. मीच तर वाचवलं." आणि संत्र्याची फोड तोंडात टाकली. ती आंबट होती.

पैजेचं सगळं खापर वकिलावर फोडता आलं असतं. वकील म्हणजे त्यांच्या वर्गातली एक बारीक, शांत, कायम नाक लाल असलेली मुलगी. कुणी गोष्ट सांगायला लागलं की ती ऐकून घ्यायची आणि शेवटी असा काही प्रश्न विचारायची की गोष्टीचा फुगा फट्. आणि आईला वाचवल्याची गोष्ट तर आता शाळेत गाजलेली होती. गेल्या सुट्टीनंतर पहिल्यांदा ती वर्गात उभी राहून सांगितली तेव्हा, शिडाची दांडी सर्रकन फिरते तिथं हात कसा फिरवायचा आणि 'धप्प!' कुठं म्हणायचं, हे तिला आपोआप सुचलं होतं. त्याआधी ही मुलगी भिंतीच्या कडेकडेनं चालायची. हजेरीला 'आहे' म्हणायची तेही बाईंना दोनदा विचारावं लागायचं. त्या दिवशी वर्ग हसला, मग गप्प झाला, मग टाळ्या वाजल्या, आणि टाळ्या वाजत असताना तिला पहिल्यांदा कळलं की आपल्याला आवाज आहे. नुसता आवाज नाही, खणखणीत. नाटकाच्या बाईंनी तिला तालमीत घेतलं, मग तालमी घ्यायलाच लावल्या, मुलींनी तिचं नाव भोंगा ठेवलं आणि तिनं ते नाव पदकासारखं मिरवलं. तर त्या गोष्टीच्या कितव्या तरी प्रयोगाला, जिन्यात, डबे उघडलेले असताना, वकील म्हणाली, "तुझी आई चष्मा लावते ना?" "हो. का?" "जाड भिंगांचा. पालकसभेला बघितलाय मी." "मग?" "मग तो बुडाला असेल." "छे! तोच तर आहे अजून," भोंगा म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिची जीभ टाळ्याला चिकटली. वकिलानं नाक पुसलं. "धप्पकन पडणाऱ्या माणसाचा चष्मा नाकावर राहतो होय? भारीच नाक आहे." बाकीच्या खिदळल्या. "विचार की घरी, पडली का उडी मारली! हिंमत आहे?" "हॅट्, त्यात काय हिंमत!" आणि पैज लागली. पैजेत हरलेलीनं सगळ्या शाळेसमोर कोंबड्यासारखं आरवायचं होतं. आता ती जिंकली होती, प्रश्न विचारून झाला होता, आरवणं टळलं होतं. फक्त आंबट चव काही जात नव्हती.

चष्मा. चष्मा होता होडीच्या मागच्या बाजूला, सुकाणूजवळच्या त्या लहानशा खणात, जिथं ते उन्हाचं मलम आणि ओल्या दोऱ्यांचे तुकडे ठेवायचे. दोन्ही काड्या मिटलेल्या. आईला वर ओढून घेतल्यावर, बाबा तिच्याभोवती टॉवेल गुंडाळत असताना, मुलीनंच तो खणातून काढून आईच्या हातात दिला होता. म्हणजे तिला माहीत होतं. माहीत असलेली गोष्ट माणूस कुठं ठेवतो? ती विसरली नव्हती, तिनं लपवलंही नव्हतं. गोष्ट सांगताना चष्मा मध्ये आला की लय बिघडायची, एवढंच. म्हणून पहिल्या वेळी तो गाळला, दुसऱ्या वेळी गाळावा लागला नाही, आणि पुढे तर आईच्या नाकावर रोज दिसणारा चष्मा आणि तो खणातला चष्मा हे दोन वेगळे चष्मे होऊन बसले.

किनारा निवडायचा मान यंदा तिला मिळाला होता तोही त्या गोष्टीमुळेच. "जिनं माणूस वाचवलं ती कप्तान," बाबानं जाहीर केलं होतं, "आणि कुठं जायचं ते कप्तान ठरवतो." दरवर्षी उन्हाळ्यात एक आठवडा ते शिडाची होडी भाड्यानं घ्यायचे. बाकी वर्षभर बाबा हा असा माणूस होता की दार उघडून घरात आला तरी कळायचं नाही. तो लोकांचे कान तपासायचा. जाड भिंतींच्या एका लहान खोलीत म्हातारी माणसं बसवायची, कानांवर यंत्र चढवायचं, बारीक बारीक सूर सोडायचे आणि काचेपलीकडून बघत राहायचं, कोण कधी बोट वर करतं ते. लहानपणी सुट्टीच्या दिवशी ती तिथं जायची. त्या खोलीत स्वतःचं रक्त ऐकू यायचं. बाबा माणसांशी तिथं इतक्या हळू बोलायचा की ऐकणारा आपोआप पुढे झुकायचा, आणि पुढे झुकलेल्या माणसाला आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं. हाच बाबा होडीवर चढला की त्याच्या गळ्यात दुसराच कुणी शिरायचा. मानेच्या शिरा, लाल कान, आणि आरोळ्या. दोरी ओढ! ती नाही, ती! डोकं खाली! तिला तो बाबाही आवडायचा, खोटं कशाला बोला. वारा शिडात भरला की होडी एका कुशीवर कलायची, पाणी कडेला येऊन लागायचं, सुकाणूची दांडी हातात जिवंत जनावरासारखी थरथरायची, आणि त्या थरथरीतून सगळा समुद्र दंडात चढायचा. वर्षाचे बाकीचे दिवस त्या एका आठवड्याची वाट बघण्यात जायचे. बाबाच्या आरोळ्या त्या सुखातच जमा होत्या, वाऱ्यासारख्या. आई त्या आठवड्यात काय करायची? मुलगी आठवू लागली आणि चमकली. आई होडीत असायची. यापलीकडे तिला काही आठवेना. टोपी, मलम, पाण्याची बाटली, सरकून बसणं, दांडी फिरली की मान खाली घालणं. आईनं त्या आठवड्यात कधी ब्र काढला असेल तर तो वाऱ्यानं नेला असेल.

आणि मग तो शब्द. त्यांच्या होडीवर डावं-उजवं नव्हतं. ती अगदी लहान होती तेव्हा तिचा डाव्या-उजव्यात घोळ व्हायचा, त्यातून सुकाणूची दांडी एकीकडे ढकलली की होडी दुसरीकडे वळते, त्यामुळे तर आणखीच. बाबानं युक्ती काढली. दांडीच्या एका बाजूला ती बसायची, समोरच्या बाजूला तो. 'तुझ्याकडे' म्हटलं की तिनं दांडी आपल्या पोटाशी ओढायची, 'माझ्याकडे' म्हटलं की त्याच्या गुडघ्याकडे ढकलायची. इतकं सोपं की ती पाचेक वर्षांची असताना सुकाणू धरायला लागली. जागा ठरून गेल्या, शब्दही ठरून गेले. त्या दिवशी मात्र तिला शिडाजवळ बसून दोरी धरायची हौस आली होती, म्हणून आई तिच्या जागेवर बसली. बाबा पुढे डोलकाठीपाशी उभा राहून अडकलेली दोरी सोडवत होता, नेमका स्वतःच्या नेहमीच्या बाजूच्या उलट्या बाजूला. वारा फिरला. बाबा ओरडला, "माझ्याकडे! माझ्याकडे!" आईनं वर बघितलं, तो कुठं उभा आहे ते बघितलं, आणि दांडी त्या बाजूला, म्हणजे आपल्या पोटाशी ओढली. कुणीही शहाण्या माणसानं हेच केलं असतं. शिडाची आडवी दांडी सर्रकन पलीकडे गेली, बाबाच्या डोक्यावरून, अगदी केसांवरून. तो खाली बसला म्हणून वाचला. आणि मग उठून जे बोलला त्यातलं शेवटचं वाक्य ती आपल्या प्रयोगात हुबेहूब त्याच्या आवाजात म्हणायची, हशा हमखास. "माझ्याकडे म्हणजे माझ्या जागेकडे! मी कुठंही असलो तरी! साधं तुझं-माझं कळत नाही तुला?" इथं ती क्षणभर थांबायची आणि वर्गाकडे बघून म्हणायची, "तुझं माझं जमेना..." वर्ग ओरडायचा, "तुझ्यावाचून करमेना!" आणि त्या ओरडण्यावरच ती 'धप्प!' टाकायची.

पण धप्प तिथं नव्हतं. तीन निळ्या पुस्तिका घेऊन ती आपल्या खोलीत पडली होती आणि धप्पची खरी जागा शोधत होती, जिभेनं पडलेल्या दाताची जागा चाचपावी तशी. शिडाची दांडी फिरली, बाबा ओरडला, मग तो परत आपल्या दोरीकडे वळला, पाठमोरा, अजून काहीतरी बडबडत. होडी सरळ झाली होती. झटका बसला होता तो केव्हाच जिरला होता. आई सुकाणूपाशी बसून होती आणि तिच्या गालावर खाऱ्या पाण्याचे थेंब वाळत होते. मग तिनं मुलीला खुणेनं बोलावलं. मुलगी गुडघ्यांवर सरकत मागे आली. "जरा धर गं हे," आई म्हणाली. बसस्टॉपवर पिशवी धरायला सांगावं तशी. आणि सुकाणूची दांडी तिच्या हातात दिली. प्रयोगात ती सुकाणूवर 'झेप घ्यायची'. कसली झेप! दांडी तिच्या हातात दिली गेली होती, आईच्या तळव्यानं गरम झालेली. ती शिडाकडे बघत होती, वारा बघत होती, आपल्याला न मागता सुकाणू मिळालं म्हणून मनातून खूशही होती. मागे पाणी वाजलं. तेही धप्प नव्हतं. कुणीतरी आत शिरल्याचा आवाज होता.

होड्यावाल्या बाईंच्या ऑफिसात ती तिघं गेली तेव्हा तिच्या डोक्यात तो आवाज होता. काचेचं दार, भिंतभर नकाशे, कोपऱ्यात नांगराच्या आकाराचं घड्याळ, आणि टेबलामागे अशा एक बाई की ज्या वाक्य संपवायच्या आधीच हसायला लागायच्या. "या या! मग? बेटं, सुळके की खाडी? बेटांकडे वारा मस्त, पण जरा अंगावर येतो हं. सुळक्यांकडे फोटो छान. आणि खाडी म्हणजे काय, परातीतलं पाणी! तिथं लोक होडी घेतातच असं नाही, वाळूवरच्या खोल्या घेतात नि लोळतात नुसते. ज्यांना शिडाची भीती वाटते त्यांना मी खाडी देते." बाबा म्हणाला, "आमच्याकडे भीतीचं खातं नाही. बेटंच. पण ठरवणार आमची कप्तान." आणि हळूच, कान तपासायच्या खोलीतल्या आवाजात, अभिमानानं ओथंबून, "गेल्या वर्षी आईला बुडताना वाचवलंय हिनं." "अगं बाई! एवढीशी ही?" बाईंनी आईकडे बघितलं. "खरंच की काय हो?" आई भिंतीवरच्या नकाशाकडे बघत होती. ती वळली आणि हसली. "हो ना. ही नसती तर..." म्हणाली, आणि वाक्य तिथंच सोडून दिलं. बाईंनी ते आपल्या परीनं पुरं केलं, डोळे मोठे करून च्-च् केलं आणि खणातून एक पांढरी कप्तानाची टोपी काढून मुलीच्या डोक्यावर ठेवली. टोपी कपाळाला चावत होती. "आणि होडीवर कप्तान आमचा देऊ की घरचाच?" "घरचा," बाबा म्हणाला. "दोन दोन आहेत." सगळे हसले. आईही. मुलगी टोपीखालून आईच्या हसण्याकडे बघत राहिली. ते हसू कवळीसारखं होतं, कुठं काही खुपत नव्हतं, बरोब्बर बसलेलं, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडासाठी बनवलेलं. "मग कुठला किनारा, कप्तान?" बाईंनी विचारलं. "सांगते," ती म्हणाली. तिच्याच्यानं तेवढंच बोलवलं.

एरवी तालमीला जाताना तिचे पाय जमिनीवर ठरायचे नाहीत. त्या दिवशी ते जड होते आणि म्हणूनच की काय तिचा आवाज नेहमीपेक्षा वर लागला. नाटकात एक पुठ्ठ्याचं झाड होतं, ते घेऊन उभी राहणारी खालच्या वर्गातली एक गोबरी मुलगी होती, आणि त्या मुलीनं दर वेळी झाड चुकीच्या बाजूला नेलं. "माझ्या बाजूला गं!" भोंगा म्हणाली. मुलीनं झाड उचललं आणि ती जिथं उभी होती तिथं आणलं. "इकडे नाही! माझ्या नेहमीच्या बाजूला! साधं एवढं कळत नाही तुला?" सभागृह रिकामं होतं, वाक्य समोरच्या भिंतीला लागून परत आलं, आणि परत येताना ते तिचं राहिलं नव्हतं. ते बाबाचं झालं होतं. ती नक्कल करायची तेव्हा ते इतकं हुबेहूब कधी जमलं नव्हतं. गोबरीनं झाड हळूच जमिनीवर ठेवलं.  पायऱ्या उतरली आणि बाहेर उन्हात गेली. "अगं, कुठं चाललीस?" कुणीतरी हाक मारली. वकील पहिल्या रांगेत बसून होती. ती काहीच बोलली नाही, आणि वकील बोलली नाही की समजावं, मुद्दा पोचलाय.  तिला गोबरीच्या मागे जावं असं वाटलं, आणि त्याच वेळी हेही वाटलं की आपण मागे धावत गेलो आणि तिला धरून आणलं, तर सगळे म्हणतील किती चांगली आहेस तू.

आई काम करायची ती जागा एका इमारतीच्या तळाशी होती, आणि तिथं कायम ओल्या प्लॅस्टरचा आणि जळक्या मेणाचा वास असायचा. फळ्यांवर रांगेनं पांढरे जबडे, प्रत्येकाच्या बुडाशी एक आकडा. मुलगी शाळेतून थेट तिथं गेली. आई मेणाच्या एका दाताला बारीक सुरीनं आकार देत होती. तिनं वर न बघता पायानं स्टूल पुढे सरकवलं. "बस. हात लावू नकोस त्याला, ओला आहे." मुलगी बसली. तिनं खूप काही ठरवून आणलं होतं, पण त्या जबड्यांसमोर तोंड उघडायचीच लाज वाटली. "आई, तू मला 'जरा धर' म्हणालीस." सुरी थांबली नाही. "हो." "आणि चष्मा काढून ठेवलास." "नवा होता गं तो." मुलीला हसू फुटलं आणि हसताना डोळे चुरचुरले. "मरायला नव्हते निघाले," आई म्हणाली, अगदी भाजी संपली म्हणावं तसं. "अंगात जॅकेट होतं. पोहता मला तुझ्या बाबापेक्षा चांगलं येतं, तुला माहीत नाही, कारण तो आठवडा पोहण्याचा कधी नसतोच. मला फक्त तो आवाज नको होता. पाण्याखाली गेलं ना माऊ, की सगळे गप्प. इतकं छान गप्प. मग वर आले आणि किनारा दिसला. फार लांब नव्हता. वाळूवर कुणीतरी कपडे वाळत घालत होतं. म्हटलं, जावं तिथपर्यंत. लागले पोहायला." मुलीनं स्टुलाची कड घट्ट धरली. "म्हणजे तू होडीकडे येत नव्हतीस." "नव्हते." "पण तू हात वर केलास. मी बघितलं. तू हात वर केलास म्हणून तर मी..." आईनं सुरी खाली ठेवली. चष्मा कपाळावर सरकवला. त्याखालचे तिचे डोळे नेहमी दिसायचे त्यापेक्षा लहान आणि थकलेले होते. "तू होडी वळवून आणलीस. बाबा नुसता उभा होता, पांढराफटक, तोंडातून शब्द नाही. आणि तू सुकाणू धरून, वाऱ्याशी भांडत, सरळ माझ्याकडे येत होतीस. तुझा चेहरा... मी तुझा असा चेहरा कधी बघितला नव्हता. सदानकदा मान खाली घालून बसणारी पोर माझी. म्हटलं, आता हिला काय सांगू की मला नकोय वाचवायला? म्हणून केला हात वर."

पलीकडच्या खोलीत कुणीतरी यंत्र सुरू केलं. दात घासून गुळगुळीत करण्याचा तो चिरका आवाज भिंतीतून येत राहिला. मुलगी आपला गेल्या वर्षभराचा सगळा काळ त्या आवाजाखाली ठेवून बघत होती. टाळ्या, तालीम, भोंगा, आरशासमोर उभं राहून स्वतःशी केलेली ती खणखणीत भाषणं, सगळ्याच्या बुडाशी तो एक वर झालेला हात होता. तो हात म्हणजे 'वाचवा' नव्हतं. तो हात म्हणजे 'घे' होतं. जरा धर गं हे. आईनं दांडी दिली होती तसंच हेही तिच्या हातात दिलं होतं, आणि ती झेप घेतली म्हणून गावभर सांगत सुटली होती. "मग तू सांगितलं का नाहीस? मी सगळ्यांना सांगत होते, बाबा सगळ्यांना सांगत होता, त्या बाईंनासुद्धा! तू 'हो ना' म्हणालीस!" तिचा आवाज चढला. फळीवरच्या जबड्यांवरून तो पुढे गेला आणि शेजारचं यंत्र बंद पडलं, कुणीतरी कान दिला असावा. तिनं ओठ दाबले. "तुला आवाज आला होता ना नुकता," आई म्हणाली. "एवढ्याशासाठी कोण घालवेल तो?" "आणि आता? या वर्षी? मी बेटं म्हटलं असतं तर?" "आले असते." "आणि परत तो ओरडला असता तर?" आईनं मेणाचा दात उजेडात धरला, एक डोळा बारीक केला. "मला माहीत नाही," ती म्हणाली, आणि दुपारभरात तिनं सांगितलेली सगळ्यात भीतीदायक गोष्ट हीच होती. "बाबाला सांगू?" मुलीनं विचारलं. आईनं मेणाचा दात खाली ठेवला. "त्याला वाटतं, तू वाचवलंस. तुला वाटत होतं, तू वाचवलंस. मधे मी एकटीच होते, मला जड नव्हतं. आता तुलाही कळलंय. तूच बघ, तुला धरवतंय का."

घरी जाताना तिला धरवत नव्हतं. साधी गोष्ट होती, काही बोलायचं नाही. खाडीच्या पानावर बोट ठेवायचं, मला यंदा शांत पाणी हवंय म्हणायचं, बाबा कुरकुरला असता पण कप्तानाचं ऐकलं असतं. आई मान खाली घालून परातीतल्या पाण्यात बसली असती, शाळेत गोष्ट चालू राहिली असती, वकिलाला 'पडलीच म्हणाली' असं ठोकून देता आलं असतं. सगळं बरोब्बर बसलं असतं, कुठं खुपलं नसतं. आणि सुकाणू तिच्याच हातात राहिलं असतं. ती रस्त्यानं चालत होती, दुकानांच्या काचांमध्ये एक उंच झालेली, छाती काढून चालणारी मुलगी तिच्याबरोबर चालत होती, आणि तिला भीती वाटत होती की आपण तोंड उघडलं की ही मुलगी काचेतून नाहीशी होईल, आणि भिंतीच्या कडेनं जाणारी ती जुनी परत येईल, हजेरीला दोनदा विचारावं लागणारी. दंडात अजून ती थरथर होती. समुद्राची थरथर तरी खरी होती ना? होडी वळवली होती ती तिनंच. वारा खरा होता. फक्त ज्याच्याकडे वळवली, ते माणूस दुसरीकडे चाललं होतं.

संध्याकाळी बाबा आला, नेहमीसारखा आवाज न करता. हात धुतले, टेबलाशी बसला, पुस्तिका सरळ केल्या. आई खिडकीजवळच्या खुर्चीत होती. "बोला, कप्तान! बाई उत्तराची वाट बघतायत. कुठला किनारा?"

"ठरवलंय," ती म्हणाली.

"मोठ्यानं बोल, भोंगा ना तू?"

तिनं आवाज वाढवला नाही. दिवसभर हा माणूस काचेपलीकडे बसून बारीकात बारीक सूर मोजतो. ऐकू दे त्याला.

"कप्तान नको म्हणूस, बाबा. मी आईला वाचवलं नाही. आई पडली नव्हती. ती चष्मा काढून, मला सुकाणू देऊन पाण्यात उतरली, कारण तू ओरडत होतास. आणि ती किनाऱ्याकडे पोहत चालली होती. आपण तिला आडवे गेलो. चष्मा मी तेव्हाच बघितला होता, तरी सगळ्यांना खोटं सांगत राहिले."

बाबानं हसायला तोंड उघडलं आणि आईकडे बघितलं. आईनं नजर वळवली नाही. त्याचं तोंड तसंच राहिलं. मग तो पुढे झुकला, जसं त्याच्यासमोर लोक झुकायचे तसा, आणि अगदी हळू म्हणाला, "वाऱ्यात ऐकू जात नाही म्हणून ओरडतो गं मी."

"आम्हाला ऐकू येतं, बाबा."

 तिचा आवाज होता, जागच्या जागी होता, मोठा नव्हता इतकंच. तिनं बेटांची पुस्तिका मिटली, सुळक्यांची मिटली.

"किनारा मी निवडायचा होता ना? मी खाडीचा निवडलाय. होडी नाही निवडली. तिथं वाळूवर खोल्या मिळतात. तुला होडी हवीच असेल तर घे, पण कप्तान त्यांचा घे, आणि आमच्याशिवाय जा. मी किनाऱ्यावर राहणार आहे. आईनं यायचं की नाही, ते मी ठरवलेलं नाही. आईचं आई सांगेल."